नळाचं पाणी आणि नववीचा वर्ग: आधी प्रश्न, मग धडा (अनुभव हवेत)

नववी_ब · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मी इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, एकवीस वर्षं झाली. या वर्षी 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा नेहमीसारखा घेतला नाही. आधी व्याख्या, मग सूत्र, फळ्यावर दोन उदाहरणं, शेवटी धड्याखालचे प्रश्न, हा क्रम मोडला. पहिल्या पिरियडला फळ्यावर एवढंच लिहिलं:

"नळ येतो त्या दिवशी आपल्या टंकीत जे हजार लिटर पाणी पडतं, ते नर्मदेतून इंदूरला आणायला किती वीज लागत असेल?"

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. शहराची तहान पूर्वी यशवंत सागर आणि बिलावलीवर भागायची. ती पुरेना. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इथे मोठं आंदोलन झालं आणि १९७८ साली ते पाणी शहरात आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते उचलतात, साधारण ७० किलोमीटरवरून. बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. टंकी, मोटर, नळाच्या वेळी घरी कोण थांबणार, हे सगळं माझ्या मुलांना पाठ आहे. म्हणूनच हा प्रश्न निवडला.

बेचाळीस मुलं, सहा-सहाचे सात गट. माहितीचा कागद दिला नव्हता. जे विचारतील तेवढंच सांगायचं असं ठरवलं होतं. सगळे गट ७० किलोमीटर धरून बसले. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन एवढं कुणीतरी पुढच्या पानावरून काढलंच होतं. हजार किलोचं वजन ९,८०० न्यूटन, गुणिले ७०,००० मीटर, भागिले ३६ लाख (विजेच्या एका युनिटचे ज्यूल). उत्तर १९० युनिट. एका मुलीनं ते वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, असं असेल तर एक टंकी म्हणजे आमच्या घराचं महिन्याचं बिल झालं. हे बरोबर नाही." एकवीस वर्षांत आपलं उत्तर चुकलंय हे मुलानं पाठीमागची उत्तरसूची न बघता ओळखल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकेन.

तिथून "नर्मदा आपल्यापेक्षा किती खाली आहे?" हा प्रश्न निघाला. मंडलेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटरवर, इंदूर सुमारे ५५०. फरक ४०० मीटर. ९,८०० गुणिले ४०० म्हणजे ३९ लाख २० हजार ज्यूल. सव्वा युनिटसुद्धा नाही, १.०९. वर्गात दोन मिनिटं नुसता गोंगाट.

आता जे चुकलं ते. सातांपैकी दोनच गटांनी खरं काम केलं. तीन गटांत एकेक मूल लिहीत होतं आणि पाच जण बघत होते. दोन गटांनी शेजाऱ्याचं उतरवलं. मी मात्र "सांगायचं नाही" या हट्टापायी दोन पिरियड गप्प फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा पिरियड संपल्यावर थांबला. गणितात कच्चा आहे, वर्गात फारसं बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, मला काहीच कळत नव्हतं, आणि तुम्ही सांगत पण नव्हत्या." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन पिरियडचा धडा चार पिरियड चालला. तिमाही तोंडावर आहे. प्रशिक्षणात याला 'समस्याधारित अध्ययन' म्हणतात, एरवी सगळे प्रॉब्लेम बेस्ड लर्निंगच म्हणतात. कुणी नेटानं केलं असेल तर सांगा. माझं कुठे चुकलं तेही सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.


पाणीवाले_काका · रविवार, रात्री १०:२५

बाई, नोकरीची सगळी वर्षं पाणीपुरवठ्यात गेली, आता निवृत्त आहे. शिकवण्यातलं मला कळत नाही, पण तुमच्या प्रश्नातलं पाणी कळतं.

४०० मीटर हा आकडा मुलांनी बरोबर काढला, तरी पाणी त्या हिशेबानं येत नाही. मध्ये विंध्याचा घाट आहे. टप्प्याटप्प्यानं पंप करत ते वांचू पॉइंटपर्यंत चढवतात आणि तिथून पुढे ते उतारानं शहराकडे येतं. म्हणजे उंची मोजायची ती नदीपासून घाटमाथ्यापर्यंत. पुन्हा पंप आणि मोटर मिळून शंभर टक्के काम कधीच देत नाहीत. सत्तर टक्के धरले तर तुमचे १.०९ युनिट तिथेच दीडच्या वर जातात.

आणि ते ७० किलोमीटर अगदीच फुकट नाहीत हो. पाइपाच्या आतल्या भिंतीला पाणी घासतं, त्यात दाब जातो. लांबी दुप्पट तर तोटा दुप्पट. पाइपाचा व्यास निम्मा केला आणि पाणी तेवढंच न्यायचं म्हटलं तर तोटा सुमारे बत्तीस पट. म्हणून तर एवढे मोठे पाइप टाकावे लागतात. लांबी धरणारी मुलं चुकली ती सूत्रात. त्यांचा वास बरोबर होता.


सुदामानगर_पालक · सोमवार, सकाळी ७:५०

बाई, तुमची कळकळ पोचली. पण पालक म्हणून मनात आहे ते स्पष्ट लिहितो.

माझी मुलगी आठवीत आहे, दुसऱ्या एका शाळेत. नाव घेत नाही. तिथेही पालकसभेत सांगितलं की आता आम्ही समस्या देऊन शिकवतो. प्रत्यक्षात काय झालं? 'कान्ह नदीचं प्रदूषण' हा विषय दिला आणि सोमवारी मॉडेल आणा म्हणून सांगितलं. रविवारभर हिच्या आईनं थर्माकोल कापला, मी प्रिंट काढून आणल्या. गटातल्या एका मुलाच्या घरून तयार मॉडेलच आलं, दुकानात मिळतं. पैकीच्या पैकी गुण मिळाले. मी तिला विचारलं, सांडपाणी पडलं की नदीतले मासे का मरतात? तिला सांगता येईना. सांडपाण्यातला कचरा कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, हे एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं शोधलंही नव्हतं.

दोन वर्षांनी आम्हाला भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासेसच्या रांगेत उभं राहायचं आहे. तिथे चाळीस मिनिटांत किती प्रश्न सुटले हे बघतात. तुमचे चार पिरियड आम्ही कुठून भरून काढायचे?


तिसरं_वर्ष_सिव्हिल · सोमवार, सकाळी ९:१५

काका, तुमच्या मुलीला मिळालं ते प्रोजेक्ट होतं. त्यात शेवटी काहीतरी बनवून द्यायचं असतं आणि गुण त्या वस्तूला मिळतात, मग ती वस्तू कुणीही बनवो. समस्येपासून शिकताना ती समस्या धडा सुरू व्हायच्या आधी येते आणि तिच्यामुळे धडा लागतो.

आमच्या एका सरांनी पहिल्या वर्षी कॉलेजच्या गेटसमोर दर पावसाळ्यात साचणारं पाणी दाखवलं आणि म्हणाले, उद्या येताना 'आपल्याला काय माहीत नाही' याची यादी आणा. उत्तरं आणू नका असं बजावलं होतं. माझ्या यादीत अकरा गोष्टी होत्या. ती वही अजून ठेवली आहे. इतर विषयांच्या गटकामात मात्र एक जण राबतो आणि चौघं नाव लावतात, हे मीही भोगलंय.


शरीरक्रिया · सोमवार, दुपारी २:३०

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ही पद्धत आली ती आमच्याच क्षेत्रातून, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठाचं वैद्यकीय विद्यालय १९६९ साली सुरू झालं, पहिली तुकडी फक्त २० विद्यार्थ्यांची. त्या काळी सगळीकडे विद्यार्थी आधी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन कोरडं पाठ करायचे आणि वॉर्डात पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं विसरायचे. मॅकमास्टरनं क्रम उलटा केला. छोटा गट, एक शिक्षक, पुढे एका रुग्णाची हकीकत. ती समजून घेण्यासाठी जे लागेल ते शिकायचं. पुढे १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला नवं वैद्यकीय विद्यालय याच पायावर उभं राहिलं आणि तिथे या चर्चेला सात पायऱ्यांची शिस्त लावली. आधी अनोळखी शब्द स्पष्ट करायचे, मग नेमका प्रश्न काय ते ठरवायचं, सुचेल ते स्पष्टीकरण मोकळेपणानं मांडायचं, ते नीट लावायचं, त्यातून आपल्याला काय शिकायला हवं याची उद्दिष्टं काढायची, घरी जाऊन ज्यानं त्यानं वाचायचं आणि परत येऊन एकमेकांना सांगायचं. बाई, यातली 'घरी जाऊन ज्यानं त्यानं' ही पायरी बघा. गट कितीही चांगला असला तरी वाचन ज्याचं त्यालाच करावं लागतं.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण देते. माळव्यातला शेतकरी, सोयाबीनवर फवारणी करून आला. तोंडातून लाळ, घाम, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद. मुलांना मी विचारते, ही चारही लक्षणं एकाच दोरीला कशी बांधली आहेत? पहिल्या तासात कुणालाच येत नाही. दुसऱ्या बैठकीत मुलं स्वतः सांगतात की असिटिलकोलीन हे नसांचे निरोप पोचवणारं रसायन मोडणारं विकर कीटकनाशकानं बंद पाडलं, म्हणून ते रसायन साचत गेलं आणि त्या त्या नसा अखंड चालू राहिल्या. मग त्याचा परिणाम रोखणारं अ‍ॅट्रोपीन का द्यायचं हे मला सांगावं लागत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. त्यात स्वयंअध्ययनाचे तास आहेत, पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख आहे. पण २० जणांच्या तुकडीसाठी जन्मलेली पद्धत आम्ही दीडशेच्या वर्गात करतो. शिक्षक पुरत नाहीत तिथे ती नावापुरती राहते, हे मी रोज बघते.

पुरावा विचाराल तर २००३ साली ४३ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा निघाला होता. ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात ही मुलं स्पष्ट पुढे होती. नुसत्या माहितीच्या परीक्षेत किंचित मागे. मात्र शिकलेलं त्यांच्या लक्षात जास्त दिवस राहत होतं.


आकडेमोड · सोमवार, रात्री ९:०५

गणित शिकवतो, अकरावी-बारावी. बाई, तुमच्या त्या मुलानं जे वाक्य म्हटलं ते या सगळ्या चर्चेच्या मध्यभागी ठेवा, एवढीच विनंती. "मला काहीच कळत नव्हतं, आणि तुम्ही सांगत पण नव्हत्या."

किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन शिक्षणसंशोधकांनी २००६ साली एक लेख लिहिला. मांडणी साधी आहे. माणसाच्या कार्यस्मृतीत एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी मावतात. नवख्यापुढे मोठा प्रश्न टाकला की त्याची सगळी शक्ती वाट शोधण्यात जाते आणि शिकायला काही उरत नाही. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्येच बीजगणितात दाखवलं होतं की नवख्या मुलांना सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर ती स्वतः धडपडणाऱ्यांपेक्षा लवकर आणि नीट शिकतात. पुढे हेही दिसलं की मूल जसं जाणतं होत जातं, तसा त्या सोडवलेल्या उदाहरणाचा उपयोग कमी होतो. तेव्हा त्याला मोकळं सोडायला हवं.

डॉक्टर, तुमचे विद्यार्थी देशातल्या सर्वात कठीण चाळणीतून आलेले असतात. बाईंच्या वर्गात अपूर्णांकाला भिणारा मुलगाही आहे. एकच औषध दोघांना कसं चालेल? मुलांनी विचार करू नये असं माझं म्हणणं नाही. विचार करायला आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं, एवढंच म्हणतो.


शरीरक्रिया · सोमवार, रात्री १०:१०

सर, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो अर्धा आहे असंही वाटतं. त्या लेखाला २००७ मध्ये मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी उत्तर दिलं होतं. त्यांचं म्हणणं, समस्याधारित शिक्षण म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं असं तुम्ही गृहीत धरलंत. नीट केलेल्या वर्गात ठिकठिकाणी आधार दिलेला असतो. कधी तक्ता, कधी इशारा, कधी नेमक्या वेळी पाच मिनिटांचं सरळ व्याख्यान. माझा चर्चेचा तास तुम्ही बघितलात तर मी गप्प बसलेली दिसेन, पण कुठल्या वळणावर कुठला प्रश्न विचारायचा हे मी आदल्या रात्री दोन तास बसून लिहिलेलं असतं.


नववी_ब · मंगळवार, पहाटे ५:३०

वाचून काढलं सगळं. सर, तुमचा शब्द लागला आणि तो लागायलाच हवा होता. डॉक्टर, "आदल्या रात्री दोन तास" हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. तिथे स्लाइडवर एवढंच होतं की शिक्षक 'मार्गदर्शक' असतो. मी त्याचा अर्थ 'गप्प' असा घेतला.

एक विचारते. उदाहरण आधी दाखवलं तर १९० युनिट हे उत्तर वर्गात आलंच नसतं. आणि ते आलं नसतं तर अंतर आणि उंची यांतला फरक त्या मुलीला इतका लख्ख दिसला असता का?


आकडेमोड · मंगळवार, सकाळी ८:००

प्रामाणिक प्रश्न आहे, प्रामाणिक उत्तर देतो. यावर मनु कपूर या शिक्षणसंशोधकांचं काम आहे. त्यांनी सिंगापूरच्या शाळांत पाहिलं की काही बाबतींत मुलांना आधी स्वतः प्रयत्न करू द्यावा, तो फसू द्यावा आणि मग शिकवावं. अशी मुलं आधी शिकवलेल्या मुलांपेक्षा संकल्पना खोल समजतात. पण अट मोठी आहे. फसल्यावर शिकवणं आलंच पाहिजे, आणि ते मुलांच्या फसलेल्या उत्तरांनाच हातात घेऊन. तुमच्या वर्गात पहिला भाग झाला. दुसरा भाग तुम्ही मुलांवर सोडलात.


होशंगाबादचे_गुरुजी · मंगळवार, सायंकाळी ६:२०

मुलीनं हा धागा वाचून दाखवला. मी सांगतो, ती टाइप करते.

आपण सगळे कॅनडा आणि सिंगापूरच्या गोष्टी करतो आहोत. इंदूरहून काही तासांवर हे सगळं तीस वर्षं चाललं होतं, ते तरुण शिक्षकांना ठाऊक असायला हवं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडल केंद्र, या दोन संस्थांनी तो उभा केला. सरकारी शाळा, टिनाचं छप्पर, टाटपट्टीवर बसणारी मुलं. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ येऊन आमच्यासोबत जमिनीवर बसायचे. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये एकलव्य संस्था निघाली आणि मग इतर जिल्ह्यांतही पसरला. मी त्यात शिक्षक होतो.

पुस्तकात व्याख्या नव्हत्या, प्रयोग आणि प्रश्न होते. फूल उघडायला सुई नसेल तर बाभळीचा काटा. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. मुलांच्या मनात प्रश्न आला की ती 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्र लिहायची आणि उत्तर यायचं. पोस्टकार्डं असायची, बाई. खेड्यातलं मूल विज्ञानावर पोस्टकार्ड लिहायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. आम्हा शिक्षकांचं उन्हाळ्यात लांब प्रशिक्षण व्हायचं, तिथे मुलांना करायचे ते सगळे प्रयोग आधी आम्ही करायचो आणि आमच्याही चुका व्हायच्या. नंतर दर महिन्याला शिक्षकांची बैठक, म्हणजे 'गोष्ठी' भरायची. अमुक शाळेत अमुक प्रयोग फसला, का फसला, यावर तासन् तास बोलणं. मी पहिल्या वर्षी तुमच्यासारखाच गप्प बसलो होतो. मासिक गोष्ठीत एका जुन्या शिक्षकानं मला विचारलं, "पोहायला शिकवताना तू काठावर बसतोस की पाण्यात उतरतोस?" त्यानंतर मी प्रत्येक गटाजवळ बसायला लागलो. सांगायचो कमी, पण बसायचो.

२००२ साली सरकारनं कार्यक्रम बंद केला. मला अजून त्याचं दुःख आहे. पद्धत एकट्या शिक्षकाच्या अंगावर टाकली की ती टिकत नाही. तुमच्या शाळेत दुसरं कुणी हे करतंय का? नसेल तर आधी एक सोबती शोधा.


सुदामानगर_पालक · मंगळवार, रात्री ८:४५

गुरुजी, नमस्कार. उघड्या पुस्तकाची परीक्षा होती म्हणून ते चाललं असेल. आमच्या मुलांची परीक्षा बंद पुस्तकाची आहे.


नववी_ब · मंगळवार, रात्री ९:३०

काका, तुमची काळजी खोटी नाही. तरी एक सांगते. सीबीएसईच्या नववी-दहावीच्या पेपरात आता निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना आहेत. उतारा असतो, तक्ता असतो, रोजच्या आयुष्यातला प्रसंग असतो. गेल्या वर्षी माझ्या हुशार मुलांचे गुण गेले ते तिथेच. सूत्र पाठ होतं, पण प्रसंगातलं विस्थापन कुठलं ते ओळखता आलं नाही. आणि मी सगळा अभ्यासक्रम असा शिकवणार नाहीये. वर्षात चार-पाच धडे, ज्यांत मुलांची रोजची गोष्ट दडलेली आहे, तेवढेच. कार्बनी संयुगांची नावं मी सरळ फळ्यावरच शिकवणार.


रामबागची_लेक · बुधवार, सकाळी १०:१०

एक शंका. गटात मुलं कुठल्या भाषेत बोलतात? माझा मुलगा घरी मराठी, मित्रांत हिंदी, पेपर इंग्रजीत. वर्गात चर्चा इंग्रजीतच व्हावी असा आमच्या शाळेचा नियम आहे आणि तो गटात तोंडच उघडत नाही.


नववी_ब · बुधवार, दुपारी ३:४०

ताई, तुमच्या शंकेनं माझे डोळे उघडले, काय झालं ते सांगते.

काकांनी पाइपाच्या घर्षणाचं लिहिलं ते वाचल्यापासून मला काहीतरी आठवत होतं. काल त्या कच्च्या मुलाच्या गटाची वही काढली. पहिल्या दिवशीच्या पानावर कोपऱ्यात हिंदीत लिहिलंय, "पाइप लंबा हो तो प्रेशर मरता है." अक्षर त्याचंच. त्याचे वडील मोटर वाइंडिंगचं आणि बोरिंगच्या पंपांचं काम करतात. त्यानं ते गटात सांगितलं होतं आणि गटप्रमुखानं "हे सूत्रात नाही" म्हणून खोडलं. खोडल्याची रेघही आहे. म्हणजे ज्या मुलाला काही कळत नाही असं मी धरून चालले होते, त्याला वर्गात कुणालाच माहीत नसलेली गोष्ट माहीत होती. इंग्रजीत त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी त्याच्या बाकाजवळ थांबले नव्हते.

आज नववी अ ला हाच धडा सुरू केला, वेगळ्या रीतीनं. प्रश्न तोच. आधी दहा मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं आपल्या वहीत लिहायचं, कुठल्याही भाषेत: काय माहीत आहे, काय माहीत नाही. मग पंधरा मिनिटं गट. १९० युनिट इथेही आलंच, चार गटांत. तिथे मी थांबवलं आणि फळ्यावर विहीर काढली. दहा लिटरची बादली, पंधरा मीटर खोल विहीर. दहा गुणिले ९.८ गुणिले १५, म्हणजे १,४७० ज्यूल, पायरी पायरीनं सोडवून दाखवलं. मग विचारलं, ही बादली वर काढून सपाट जमिनीवरून शंभर पावलं नेली तर गुरुत्वाच्या विरुद्ध किती कार्य झालं? मग परत नर्मदेकडे. उद्या घाटमाथ्याचा कागद देणार आहे. एकीनं आजच विचारून टाकलं, "घाटावरून पाणी खाली येतं तेव्हा ती ऊर्जा परत मिळते का?"

नववी ब ला त्या मुलाच्या वहीतलं वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, हिंदीत. त्याला पुढे बोलावलं. पाच मिनिटं बोलला. टुल्लू पंपाला लांब नळी लावली की वरच्या मजल्यावर धार का बारीक होते, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. मी फक्त शेवटी खाली 'घर्षण' हा शब्द लिहिला.


आकडेमोड · बुधवार, रात्री ९:५०

विहिरीचं उदाहरण योग्य जागी आलं. पुढच्या वेळी एक सोडवलेलं, एक अर्धवट सोडवलेलं आणि मग पूर्ण मोकळं, असे तीन टप्पे करून बघा. कच्च्या मुलांना मधला टप्पा फार उपयोगी पडतो. मी अकरावीला सदिश शिकवताना हेच करतो. तुमचा नर्मदेचा प्रश्न माझ्या वर्गात घेतला तर चालेल ना?


सुदामानगर_पालक · बुधवार, रात्री १०:३०

बाई, आज नळ आला तेव्हा मुलीला घड्याळ देऊन उभं केलं. पंधरा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरते. नळ पाऊण तास असतो. तिनंच हिशेब केला, १,०१२ लिटर. म्हणजे तुमचा हजाराचा आकडा आमच्या घरी बरोबर निघाला. आम्ही चौघं, दोन दिवसांचं पाणी. माणशी रोज १२६ लिटर पडतं. शहरांसाठी १३५ लिटरचं मानक आहे हे मीच तिला सांगितलं. मग ती विचारते, ज्यांच्या नळाची धार बारीक आहे त्यांनी काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही. तिला म्हटलं, शोध आणि मला सांग.


पाणीवाले_काका · गुरुवार, सकाळी ६:४५

त्या मुलीनं ऊर्जा परत मिळते का विचारलं ना, तिला सांगा, उतारावरची बरीचशी ऊर्जा पाइपातल्या घर्षणातच खर्ची पडते. त्याच जोरावर पाणी शहरापर्यंत पोचतं, नाहीतर तिथेही पंप लागले असते. किती उरते ते काढायचं असेल तर पाइपाचा व्यास आणि पाण्याचा वेग हवा. मी दोन्ही वर्गांसाठी कागदावर मांडून आणतो.

तुमच्या शाळेची परवानगी असेल तर शनिवारी येतो. पाण्याचा एक जुना मीटर आणि दाब मोजायचा गेज घरी पडून आहे, तेही आणतो. त्या मुलाच्या वडिलांनाही बोलवा. दाबाचं मी सांगेन, पण मोटरचं त्यांनी उघडून दाखवलेलं बरं.


नववी_ब · गुरुवार, सकाळी ७:१०

शनिवार, तिसरा आणि चौथा पिरियड, दोन्ही वर्ग एकत्र, हॉलमध्ये. प्राचार्यांना विचारलं, हो म्हणाल्या. मुलाला आत्ताच फोनवर निरोप दिला. वडील येतो म्हणालेत, दुपारी दोनला त्यांना एका बोरिंगवर जायचं आहे, त्याआधी मोकळे आहेत.